बॅटरीच्या गाडीवरून मुलगी बघायला

“प्लग कुणी काढला? आरं, ह्यो प्लग कुणी काढला म्हन्तो मी!”

मामा अंगणात उभा राहून ओरडत होता. अंगात बनियन, खाली लुंगी, दातात कडुनिंबाची काडी आणि हातात काळ्या वायरचं टोक, साप पकडल्यासारखं धरलेलं. मामाच्या आवाजाबद्दल मी तिखटमीठ लावून काही सांगत नाही. पण त्या सकाळी समुद्रात ज्या होड्या होत्या, त्यांतल्या दोन-चार वादळ आलं समजून परत फिरल्या असं त्या गावात आजही सांगतात.

माडांच्या बागेतून एक शांत माणूस बाहेर आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

“मी काढलंय,” तो म्हणाला. “पंप लावलंय. माडांक पाणी नको?”

“आवो पावणं, पर आमची गाडी...”

“लाईट आत्ता इली, परत जातली. गाडी खंय पळान जाता?”

गाडी पळून जात नव्हती, हेच तर आमचं दुखणं होतं.

हा शांत माणूस म्हणजे मुलीचा बाप, आणि मी म्हणजे मुलगा. मुलगी बघायचा कार्यक्रम आदल्या दिवशी दुपारीच उरकला होता. अशा कार्यक्रमाला मुलाकडच्यांनी तासभर बसायचं, पोहे खायचे, चहा प्यायचा, ‘कळवतो’ म्हणायचं आणि चपला घालायच्या. आम्ही पोहे खाल्ले, चहा प्यालो, ‘कळवतो’ म्हणालो, चपलाही घातल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच होतो.

झालं होतं ते असं. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. भारनियमनानं सगळ्यांना घामाघूम केलं होतं. कोल्हापुरात लाईट कधी येते यावर बायका कुकर लावायच्या आणि कधी जाते यावर पोरं अभ्यास सोडायची. अशा वर्षी, म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्रात वीज नव्हती, नेमक्या त्याच वर्षी मामानं विजेवरची दुचाकी गाडी घेतली. मंगळवार पेठेतली पहिली. मामाचं म्हणणं, दक्षिण महाराष्ट्रातली पहिली. रंगात आला की आशिया खंडातली.

त्या गाडीला आवाज नव्हता, आणि मामाला हे सहन होत नव्हतं. कोल्हापूरच्या माणसाची गाडी गल्लीत शिरली आणि चार घरांतली माणसं खिडकीत आली नाहीत, तर गाडी घेतली कशाला? म्हणून आवाजाचं काम मामानं स्वतःकडं घेतलं. “सरका की वो! बॅटरीची हाय, ऐकू येत न्हाय!” असं ओरडतच तो जायचा. पेठेतली माणसं म्हणायची, ह्यापेक्षा जुनी फटफटी परवडली, निदान ती सिग्नलला गप्प बसायची.

मामा मार्केट यार्डात आंब्याचा अडत्या. मुलीच्या वडिलांची हापूसची कलमं होती, त्यांच्या पेट्या दर मोसमाला मामाकडं यायच्या. त्या ओळखीतून ही सोयरीक निघाली. आई म्हणाली, जीप करून जा. मामा म्हणाला, गाडी असताना जीप कशाला? पावण्यावर छाप पडली पायजे. आणि एवढ्यावर थांबला असता तर तो मामा कसला. तालमीच्या कट्ट्यावर जाऊन सगळ्यांसमोर बोलून आला, “कोकणात जाऊन येतो हिच्यावरनं. हिला टेम्पोत घालून आणली, तर परत ह्या कट्ट्यावर बसणार न्हाय.”

निघताना आईनं मला बाजूला घेऊन एकच बजावलं. “जमल्याबिगर तिकडं जेवायचं न्हाय. च्या-पोहे, बास. जमायच्या आधी पोरीच्या घरचं मीठ खाल्लं की मग तोंड उघडता येत न्हाय.” ही आमच्याकडची रीत. तिकडंही तीच होती, हे आमचं दुर्दैव.

गाडी तशी गुणी होती. सपाटीला आम्हा दोघांना घेऊन जायची. चढ आला की मी उतरायचो. मोठा चढ आला की मामाही उतरायचा आणि मग आम्ही तिला घेऊन जायचो. कुंभी नदीच्या काठाकाठानं जाताना एक उसाची बैलगाडी आमच्या पुढं गेली. गाडीवानानं वळून विचारलं, “दोर बांधू का पावणं?” मामानं ऐकलं नाही असं दाखवलं. गगनबावड्याला मामाच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला, गाडी भरून घेतली आणि सकाळी घाट उतरलो. घाट मात्र एकदम फुकट! मामानं बटण बंद केलं आणि आम्ही नुसते वाऱ्यावर कोकणात ओतलो गेलो. मामा मागं वळून ओरडत होता, “बघ मर्दा! थेंबभर करंट लागला न्हाय!” परत येताना हाच घाट वर चढायचा आहे, हा विचार त्याला शिवला नाही. मला शिवला होता, पण माझ्या डोक्यात मुलगी होती.

दुपारी पोचलो तेव्हा बॅटरीचा काटा लालवर टेकला होता. मामाचा हिशेब साधा होता. पावण्याच्या घरी गाडी प्लगला लावायची, पोहे खाऊन होईपर्यंत भरून होईल. पडवीत एक भक्कम प्लग होता. मामानं घरच्यांना रामराम घालायच्या आधी त्या प्लगला हात घातला.

मुलगी पोहे घेऊन आली. आता मुलगी कशी होती ते मी इथं सांगणार नाही. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा माणूस वाढवून सांगतो, आणि आयुष्यात एकदाच मी वाढवून सांगत नसताना तसा आळ मला सोसणार नाही. मामानं ठरलेले प्रश्न विचारले. शिक्षण किती, शिवण येतं का, भाकरी थापता येते का. तिनं ठरलेली उत्तरं दिली. मग मामा मोठ्या मनानं म्हणाला, “तुला काय इचारायचं असंल तर इचार बाळ. लाजू नगं.”

ती लाजली नाही. तिनं पडवीतल्या गाडीकडं बघितलं आणि विचारलं, “ही गाडी परत जातली मां?”

“ही?” मामा हसला. “बाई, ही दिल्लीला जाईल!”

आणि त्याच क्षणाला पंखा थांबला. भारनियमन. लाईट येणार ती पहाटे.

आम्ही ‘कळवतो’ म्हणून उठलो, चपला घातल्या, गाडीची चावी फिरवली. गाडीनं एकदा डोळा मिचकावला आणि मिटला.

मग जो अवघडलेपणा सुरू झाला त्याला तोड नाही. मुलीकडच्यांना आम्हाला जा म्हणता येईना आणि जेवायला बसा म्हणता येईना. चहाची वेळ झाली, पोहे आले. दिवेलागण झाली, पोहे आले. आतून सोलकढीचा आणि तळलेल्या बांगड्याचा वास येत होता, आणि आमच्या ताटलीत पोहे. मामा हा रोज रात्री तांबड्या रश्श्यात बुडालेला माणूस. तो त्या पोह्यांकडं असा बघत होता, की पोह्यांनाच वाईट वाटलं असेल.

मुलीच्या घरी झोपणं रीतीला धरून नाही, म्हणून गावच्या देवळात जाऊन पडलो. तर तिथं सभामंडपात मामाला प्लग दिसला! लाईट आली तसा मामा उठला, गाडी ढकलत देवळात आणली आणि लावली. अर्ध्या तासात गुरव आले. त्यांनी शांतपणे आमचा प्लग काढला आणि आपला लावला. तिथं आरतीचं विजेवरचं यंत्र होतं, नगारा, घंटा आणि झांजा एकदम वाजवणारं. ते असं कडाडलं की मामाचा आवाज त्यात बुडून गेला. मी हयातीत असं दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. आरती संपली तेव्हा गुरवांनी प्रसाद दिला आणि म्हणाले, “गाभाऱ्यात गाड्यो भरूक हाडू नकात.”

“गाभारा कुठला? सभामंडप हाय ह्यो!” मामा म्हणाला. पण प्लग गेला तो गेलाच. म्हणून मग गाडी परत मुलीच्या पडवीत. मामा विहिरीवर तोंड धुवायला गेला आणि परत येतो तर तिथंही प्लग निघालेला. तो सुरुवातीचा ओरडा त्या वेळचा.

त्यानंतर मामा खवळला. मला माडाखाली घेऊन गेला आणि म्हणाला, “आपल्याला ही सोयरीक करायची न्हाय. ज्या गावात एक प्लग धड न्हाय, त्या गावची पोरगी?”

“पोरीला प्लग नसतोय मामा.”

“तू गप. उद्या येणं-जाणं आलं, सण आलं, बाळंतपण आलं. दरवेळी ही गाडी घेऊन हितं आलो, तर आपण हितंच म्हातारं व्हायचं.”

दरवेळी हीच गाडी कशाला आणायची, हे विचारायची सोय नव्हती. मी तोंड पाडून पडवीत येऊन बसलो, तर भिंतीपलीकडून मुलीच्या वडिलांचा आवाज आला. ते बायकोला सांगत होते, “आपला चेडू ह्यांच्या वांगडा धाडूचा, आणि हे घाटात खंय बसान रवतले तर?”

पोरगी आमच्याबरोबर धाडायलाच ते घाबरत होते. म्हणजे झालंच. इकडून मामा नाही म्हणणार, तिकडून बाप नाही म्हणणार, आणि मधे मी पोहे खात. मला ती मुलगी हवी होती. एका प्रश्नात हवीशी झाली होती. सबंध कोल्हापूर जिल्ह्यात मामाला असा सरळ प्रश्न विचारणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

गावात शोध सुरू केला. शाळा सुट्टीमुळं कुलपात. गिरणीवाल्यानं मोठ्या आनंदानं गाडी लावून घेतली, पण गिरणी सुरू झाली की गाडीचा दिवा विझायचा आणि गाडी लावली की गिरणी आजारी माणसासारखी कण्हायची. दळण घेऊन आलेल्या बायकांनी आमच्याकडं असं बघितलं, की आम्ही स्वतःच प्लग काढला. न्हाव्याच्या दुकानात बल्ब होता, त्याचा उजेड पिकल्या मिरचीएवढा. मामानं त्यालाही विचारलं. न्हावी म्हणाला, “दाढी करतलात तर करा. करंटाचा नाव काढू नकात.” मामानं दाढी केली. निदान एक काम झालं.

परत आलो, पोहे आले. या वेळी घेऊन आली ती स्वतः. ताटली खाली ठेवून वडिलांना म्हणाली, “बाबा, ह्यांका बर्फाच्या कारखान्यात धाडा. थंय जनरेटर आसा. लाईट गेली तरी बर्फ थांबना नाय.”

मामानं ताटली तशीच ठेवली आणि उठला.

कारखाना बंदरावर. वाट वाळूची. ती गाडी बॅटऱ्यांसकट एवढी जड होती की हत्ती ढकलणं सोपं, हत्ती अधेमधे स्वतःही चालतो. आमच्यामागं निम्मं गाव. कुणी सल्ला देत होतं, कुणी घंटी वाजवत होतं. एका म्हातारीनं तर गाडीला हात जोडले, तिला वाटलं पालखी आहे.

कारखान्याचा मालक होड्यांना बर्फ देण्याच्या गडबडीत होता. त्यानं गाडी बघितली, आम्हाला बघितलं, आणि बोट दाखवलं. प्लग आत होता, बर्फाच्या लाद्यांच्या शेजारी. आमची वायर आखूड. म्हणून गाडी आत घेतली, आणि गाडीजवळ कुणीतरी बसायला हवं, कारण आता मामाचा कुठल्याच माणसावर विश्वास उरला नव्हता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत मामा बारदान पांघरून कुडकुडत बसला होता. मिशीच्या टोकांना बर्फ धरला, हे मी स्वतः पाहिलं. थोडासा धरला. पण धरला.

दुपार कलायला लागली तेव्हा ती आली. सोबत शेजारची काकी, हातात मोठा डबा. आमच्याकडं न बघता जनरेटरजवळच्या फळीवर डबा ठेवला आणि म्हणाली, “कारखान्यातल्या माणसांचो डबो आसा. उरलो तर कोण पण खावा.” आणि गेली.

मालक म्हणाला, आमची माणसं सकाळीच जेवली. मामानं झाकण उघडलं. सुरमईची आमटी, तळलेली सुरमई, भात. मामानं डोळे मिटून वास घेतला. मग मला म्हणाला, “हे पोरीच्या घरचं न्हवं.”

“न्हाय मामा.”

“हे कारखान्याचं हाय.”

“व्हय मामा.”

“मग बस की मर्दा, कुणाची वाट बघतोस?”

बर्फाच्या लाद्यांमधे बसून आम्ही जे जेवलो, त्याचं वर्णन करायला मला वेगळं पुस्तक लिहावं लागेल. शेवटचा घास घेऊन मामानं बारदानाला हात पुसले आणि जाहीर केलं, “पोरगी आपली! हिला न्हाय म्हणणारा ह्या घरात मीच असलो, तर मला घराबाहेर काढा.”

इकडचं जमलं. तिकडचं बाकी होतं.

डबा धुवायचं काम माझ्याकडं आलं. धुतला खरा, पण परत कसा द्यायचा? कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, हे मला आईनं लहानपणापासून शिकवलेलं. चिमूटभर साखर, एखादं फळ, काहीतरी घालायचं. कारखान्यात एकच गोष्ट होती. मी डबा बर्फानं गच्च भरला, झाकण लावलं आणि वाळूतून धावत निघालो.

ती अंगणात होती. तिनं डबा घेतला, हलवून बघितला. आत पाणी डचमळलं.

“ह्या काय?”

“रिकामा कसा द्यायचा?” मी धापा टाकत म्हणालो. “निघालो तेव्हा बर्फ होता.”

ती हसली. पहिल्यांदाच. आणि ते पाणी तिनं ओतून टाकलं नाही. ओटीवरच्या तांब्यात काढून घेतलं, घोटभर प्याली, आणि म्हणाली, “गार आसा.” एवढंच. पण मी परत बंदरावर गेलो तो वाळूला पाय न लावता.

गाडी भरली. काटा हिरवा. आता शहाण्या माणसानं काय करावं? निघावं. मामानं काय केलं? गावातून विजयी मिरवणूक काढली. ज्या गिरणीनं नाकारलं तिच्यासमोरून दोनदा, देवळासमोरून हळू, न्हाव्याच्या दुकानासमोरून ओरडत. मग पोरं लागली मागं, “आजोबा, माका बसवा!” कोल्हापूरचा माणूस पोराला नाही म्हणत नाही. गावातलं झाडून सगळं पोर त्या गाडीवर बंदरापर्यंत जाऊन आलं. मी ओरडत होतो, “मामा, बॅटरी!” आणि मामा ओरडत होता, “अरे, भरपूर हाय!”

मुलीच्या अंगणात निरोप घ्यायला येऊन उभा राहिला, आणि गाडीनं परत डोळा मिटला.

आतून फोडणीचा आवाज आला. मामा घाईघाईनं म्हणाला, “पोहे नगंत!”

शेवटी मुलीच्या वडिलांनीच मार्ग काढला. संध्याकाळी मासळीचा टेम्पो कोल्हापूरला जायचा. “त्यात घालूया गाडी,” ते म्हणाले. मामाचा चेहरा उतरला. तालमीच्या कट्ट्यावरचं बोलणं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. पण थोड्या वेळानं त्याचे डोळे चमकले. गाडी वर चढवली, पेट्यांमधे दोरानं बांधली, आणि मामा गाडीवर बसला. हँडल धरून, पाय ठेवून, ताठ. अख्खा घाट असाच. वळणावर तो खरोखर वाकायचा. मी ड्रायव्हरशेजारी बसून मागं बघत होतो. मागच्या गाड्यांचे दिवे मामावर पडायचे आणि ते लोक हॉर्न वाजवायचे विसरायचे.

पहाटे रंकाळ्याशेजारी गाडी उतरवली. रात्रभरच्या विश्रांतीनं परत आलेल्या थेंबभर करंटावर मामा पेठेत शिरला, ओरडत. कट्ट्यावर विचारलं तेव्हा छाती काढून म्हणाला, “कोकणातनं कोल्हापूरपर्यंत गाडीवरनं उतरलो न्हाय. इचारा भाच्याला.” मला विचारलं. मी म्हणालो, खरं आहे. एका पैलवानानं फक्त एवढंच विचारलं, की मग गाडीला सुरमईचा वास कसा? मामा म्हणाला, समुद्राकाठनं आलोय, गुलाबाचा येणार का? पुढचे कित्येक दिवस पेठेतली मांजरं त्या गाडीभोवती वस्तीला होती.

आमच्याकडून पसंतीचा निरोप त्याच दिवशी गेला. तिकडून आलं, चेडवाक विचारून कळवतो. मग दिवसांमागून दिवस गेले आणि काहीच नाही. दर फोनला मी धावायचो आणि दर वेळी तो आंब्याच्या पेट्यांचा निघायचा. ‘घाटात बसान रवतले तर’ हे भिंतीपलीकडचं वाक्य डोक्यात घुमत होतं. शेवटी मामाला माझी दया आली. त्यानं फोन उचलला आणि नंबर फिरवला. खरं तर त्याला फोनची गरज नव्हती, खिडकी उघडून ओरडला असता तरी चाललं असतं.

“हॅलो! मी कोल्हापूरनं! बाबा हाईत का?”

“बागेत गेलेत,” पलीकडून तीच बोलत होती. मी मामाच्या खांद्याला कान लावला.

“मग तूच सांग बाळ! पोरगं हितं झुरून काडी झालंय! काय ठरलं तुमचं?”

“माका पसंत आसा,” ती म्हणाली. “लग्नाक एसटीन येवा.”